स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले, आता फॉलोअप कसा ठेवायचा

शेवटचं रेडिएशन झालं की डॉक्टर सांगतात, "आता तीन महिन्यांनी या." इतके महिने दर पंधरा-एकवीस दिवसांनी कुणीतरी तपासत होतं, रक्त काढत होतं, रिपोर्ट बघत होतं. आता एकदम तीन महिने कुणीच विचारणार नाही. सुटल्यासारखं वाटण्याऐवजी बऱ्याच जणी याच काळात जास्त घाबरतात. मग दोन टोकं दिसतात. कुणी दर महिन्याला काहीतरी तपासणी करून घेत बसतं, तर कुणी फाइल कपाटात टाकून दवाखान्याचं नावच काढत नाही.

खरं तर फॉलोअपमध्ये महागडं असं फारसं काही नाही. डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, वर्षाला एक मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), ज्यांना दिली आहे त्यांनी रोजची गोळी आणि नवीन त्रास वेळेत सांगणं, एवढ्यावरच सगळा भर असतो. पण यातलं एकही सुटता कामा नये.

आधी कागद ताब्यात घ्या

आपल्याकडे रुग्णाचा इतिहास रुग्णाच्या पिशवीत असतो. हॉस्पिटल बदललं, गाव बदललं की नवा डॉक्टर पहिल्यांदा फाइलच मागतो. त्यामुळे उपचार संपताना पुढचे कागद हातात आहेत का ते बघा. ऑपरेशननंतरचा बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट (गाठ केवढी होती, काखेतल्या किती ग्रंथी काढल्या आणि त्यातल्या किती बाधित निघाल्या हे त्यात असतं), ईआर-पीआर-हर टूचा रिपोर्ट (गाठीवर हार्मोनचा किंवा हर टू या प्रथिनाचा परिणाम होतो का, ते यात असतं), ऑपरेशनची नोट, केमोच्या औषधांची नावं आणि एकूण डोस, रेडिएशन कोणत्या बाजूला किती दिलं त्याचा कागद, आणि सुरुवातीच्या मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी. केमोत डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन असेल तर एकूण डोस लिहून घ्याच. ही औषधं आयुष्यभरात एका मर्यादेपर्यंतच देता येतात, आणि दहा वर्षांनी हृदयाचा त्रास झाला तर तिथला डॉक्टर हाच आकडा विचारेल.

ईसीजी आणि सोनोग्राफीचे चित्रवाले कागद बहुधा थर्मल असतात. वर्षा-दोन वर्षांत ते पांढरे पडतात, आणि हौसेने लॅमिनेशन केलं तर उष्णतेने काळे होतात. त्यांची झेरॉक्स काढा आणि सगळ्या कागदांचे फोटो स्वतःच्या व घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा.

मग एका पानावर चार-पाच ओळी लिहा: निदानाची तारीख, बाजू, स्टेज, काय काय उपचार झाले, सध्या कोणती गोळी चालू आहे. हे पान फॅमिली डॉक्टरांनाही द्या. सर्दी-खोकल्याला आपण त्यांच्याकडेच जातो, आणि लांबलेला खोकला पहिल्यांदा तेच ऐकणार असतात.

केव्हा जायचं आणि तिथे काय व्हायला हवं

साधारण पद्धत अशी आहे: पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी दर ६ ते १२ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर टू तिन्ही नसलेल्या) प्रकारात आजार परतण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असतो आणि पाच वर्षांनंतर बराच कमी होतो. हार्मोन पॉझिटिव्ह (ईआर किंवा पीआर असलेल्या) प्रकारात मात्र तो थोडा थोडा करून पुढे १५-२० वर्षांपर्यंत रेंगाळतो. म्हणून "पाच वर्षं झाली, आता सुटलो" हे सगळ्यांना सारखं लागू नाही. वर्षातून एकदाची खेप चालू ठेवायची.

ओपीडीत डॉक्टरांनी टाक्यांची जागा, उरलेला स्तन, दुसरा स्तन, दोन्ही काखा, गळ्याजवळच्या हाडाच्या वरचा खळगा, पोट आणि हात एवढं बघायला हवं. गर्दीच्या ओपीडीत कधी कधी नुसती फाइल चाळून "बरं आहे ना? या" म्हटलं जातं. अशा वेळी संकोच न करता म्हणा, "डॉक्टर, एकदा हाताने तपासून घेता का?" हे मागणं उद्धटपणाचं नाही. तुम्ही त्यासाठीच गेलेल्या असता.

मॅमोग्राफी वर्षातून एकदा. स्तन वाचवून ऑपरेशन झालं असेल तर दोन्ही बाजूंची, पूर्ण स्तन काढला असेल तर दुसऱ्या बाजूची. दोन्ही स्तन काढले असतील तर तिची गरज नाही. पहिली मॅमोग्राफी निदानाच्या वेळच्या मॅमोग्राफीला वर्ष झालं की करतात, पण रेडिएशन संपून किमान सहा महिने गेलेले हवेत. त्याआधी सुजेमुळे चित्र नीट येत नाही. जाताना पावडर, डिओडरंट लावू नका, त्याचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात. जुन्या फिल्म सोबत न्या. रेडिओलॉजिस्टला नुसती आजची फिल्म अर्धीच गोष्ट सांगते, मागच्या वर्षीची शेजारी लावली की बदल दिसतो. वाचवलेल्या स्तनात जुन्या टाक्यांजवळ चरबी मरून कडक गाठ तयार होते, आणि ती हाताला लागली की पायाखालची जमीन सरकते. ती बहुधा निरुपद्रवी असते, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. बीआरसीए या जनुकातला, घराण्यातून येणारा दोष सापडला असेल, किंवा वय कमी आणि स्तन फार दाट असतील, तर डॉक्टर तो सांगतात.

लांबून येणाऱ्यांसाठी एक सूचना. गडचिरोली किंवा नंदुरबारहून दर वेळी मुंबई गाठायची गरज नसते. "एक खेप इथे आणि एक आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, असं चालेल का?" हे पहिल्याच भेटीत विचारा. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची कर्करोग रुग्णालयं जोडलेली आहेत, त्यातलं जवळचं कोणतं तेही विचारा. रेल्वेची कर्करुग्णांसाठीची सवलत फॉलोअपच्या प्रवासालाही मिळते, नुसत्या उपचाराला नाही. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबतच्या माणसालाही सूट मिळते. त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्यासह घ्यायचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर पुढच्या तपासण्यांतलं काय काय बसतं, हे रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा.

"एकदा पूर्ण बॉडीचा पेट करून टाकू या का?"

हा प्रश्न प्रत्येक ओपीडीत कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुधा नवरा किंवा मुलगा विचारतो. त्यामागची माया समजते, पण काहीही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन (सगळ्या शरीरात आजार शोधणारं स्कॅन), बोन स्कॅन, सीए १५-३ सारखे ट्यूमर मार्कर (रक्तात कर्करोगाच्या खुणा बघणाऱ्या तपासण्या) करून आयुष्य वाढत नाही. हे नुसतं मत नाही. इटलीत अडीच हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या जणींना डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी, बाकीच्या अर्ध्यांना त्याशिवाय नियमित छातीचा एक्स-रे, बोन स्कॅन वगैरे. किती जणी जगल्या, यात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

कारण सोपं आहे. त्याच स्तनात किंवा दुसऱ्या स्तनात नवीन गाठ आली तर ती लवकर सापडण्याने पूर्ण बरं होता येतं. म्हणून मॅमोग्राफी सोडायची नाही. हाडात किंवा यकृतात पसरलेला आजार मात्र औषधांनी ताब्यात ठेवायचा असतो. तो त्रास सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी कळला म्हणून बहुधा पुढचं चित्र बदलत नाही, फक्त काळजीचे दोन-तीन महिने वाढतात. शिवाय आपल्याकडे आणखी एक गोम आहे. छातीतल्या टीबीच्या ग्रंथी पेटवर अगदी कर्करोगासारख्याच उजळतात. मग सीटी, सुई घालून बायोप्सी, पंधरा दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण, आणि शेवटी निघतं काय, तर टीबी.

लॅबवाल्यांच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये कॅन्सर मार्कर फुकट म्हणून घातलेले असतात. तेही घेऊ नका. मात्र त्रास असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी त्याच आठवड्यात करा.

रोजची गोळी

हार्मोन पॉझिटिव्ह आजार असेल तर फॉलोअपचा खरा उपचार ही हार्मोनचा असर रोखणारी गोळी आहे, आणि सगळ्यात जास्त हयगय हिच्याच बाबतीत होते. केमोने केस गेले, उलट्या झाल्या, म्हणून तो मोठा उपचार वाटतो. वीस मिलिग्रॅमची टॅमॉक्सिफेन मात्र बीपीच्या गोळीसारखी दिसते आणि मनातही तशीच राहते. पण पाच वर्षं नेमाने घेतलेल्या टॅमॉक्सिफेनचा फायदा गोळी थांबल्यावरही वर्षानुवर्षं टिकतो. काही जणींना ती दहा वर्षं देतात. पाळी गेलेल्या स्त्रियांना बहुधा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देतात.

गोळी रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा: सकाळचा चहा, रात्रीचे दात घासणं, देवापुढचा दिवा, काहीही. पाकिटावर मागच्या बाजूला तारखा लिहा. शेवटची पट्टी उघडली की त्याच दिवशी पुढची आणा. गावाला, लग्नाला जाताना दोन पट्ट्या पर्समध्ये. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच. खर्च जड जात असेल तर जेनेरिक लिहून मागा, जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

त्रास होतो हे खरंच आहे. टॅमॉक्सिफेनने अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते. "उष्ण पडली गोळी, बंद कर" असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. वाफांवर हार्मोन नसलेली औषधं आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधं टॅमॉक्सिफेनचा असर कमी करू शकतात. म्हणून दुसरा कुठलाही डॉक्टर औषध लिहीत असेल तर "मी टॅमॉक्सिफेन घेते" हे आधी सांगायचं. आयुर्वेदिक किंवा झाडपाल्याचं काही चालू असेल तर तेही लपवू नका.

टॅमॉक्सिफेनवर असताना तीन गोष्टींना थांबायचं नाही. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जाणं, मग ते थेंबभर का असेना. एकाच पायाची पोटरी सुजणं आणि दुखणं. अचानक दम लागणं. पहिल्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, बाकी दोन्हींसाठी त्याच दिवशी हॉस्पिटल.

तरुण मुलींसाठी थोडं वेगळं. केमोनंतर पाळी बंद झाली म्हणजे ती कायमची गेली असं नाही. पाळी न येताही दिवस जाऊ शकतात, आणि टॅमॉक्सिफेनवर असताना गर्भ राहणं धोक्याचं. गर्भनिरोधक गोळ्या मात्र चालत नाहीत. कॉपर-टी किंवा कंडोम वापरा. मूल हवं असेल तर मनातल्या मनात हिशेब करत बसू नका, उघड बोला. सुमारे दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग दोन वर्षांपर्यंत ती थांबवून गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या तरुण स्त्रियांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या थोड्या वर्षांत तरी आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. कुणी थांबवायची, केव्हा, हे आजाराच्या स्टेजवर ठरतं. अंडाशयाचं काम थांबवणारं इंजेक्शन चालू असेल तर त्याची तारीख पुढे ढकलू नका.

लेट्रोझोलच्या घरातल्या गोळ्यांनी सांधे धरतात. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, जिना उतरताना गुडघे ओरडतात. चालण्याने आणि व्यायामाने हे खरंच कमी होतं, आणि नाहीच झालं तर त्याच घरातलं दुसरं औषध बदलून मिळतं. या गोळ्या हाडंही ठिसूळ करतात. सुरू करताना हाडांची घनता मोजणारा एक डेक्सा स्कॅन आणि साधारण दर दोन वर्षांनी पुन्हा. नाचणी, दूध, तीळ खाच, पण कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सांगितल्या असतील तर त्याही घ्या. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन ठरलं तर आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन किडके दात काढायचे-भरायचे ते उरकून घ्या. ते चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

ऑपरेशनच्या बाजूचा हात

काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर हाताला सूज येण्याची शक्यता पुढे कित्येक वर्षं राहते. ती एका रात्रीत येत नाही. आधी हात जड वाटतो, ब्लाउजची बाही आवळते, अंगठी फिरत नाही. रोज त्याच बांगड्या घालणाऱ्या बाईला टेपपेक्षा आधी बांगडीच सांगते.

तरी टेपही ठेवा. महिन्यातून एकदा, सकाळी, दोन्ही हातांचं माप घ्या. कोपराच्या टोकापासून वर १० सेंटिमीटर आणि खाली १० सेंटिमीटर पेनाने खूण करा, तिथे टेप न आवळता गुंडाळा, आकडे कॅलेंडरवर लिहा. दोन हातांतला फरक २ सेंटिमीटरपर्यंत गेला किंवा महिन्यागणिक वाढतोय असं दिसलं, तर लिम्फेडिमाचं (हाताच्या या सुजेचं) काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. सुरुवातीला पट्ट्या, दाबाचा स्लीव्ह आणि व्यायामाने सूज आटोक्यात येते, जुनी झाली की चिवट होते. लघवीच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही. आणि मालिशवालीकडून जोर लावून हात चोळून घेऊ नका. यासाठीचं मालिश अगदी हलकं आणि ठरावीक दिशेने करायचं असतं.

"या हाताने काही उचलायचं नाही" हा सल्ला अजून घरोघर दिला जातो. तो जुना झाला. हळूहळू वजन वाढवत, देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं. उलट हात जपून जपून खांदा आखडतो. भिंतीसमोर उभं राहून बोटं वर चालवत न्या, जिथे पोचाल तिथे पेन्सिलीने रेघ मारा, उद्या थोडं वर. रेघेपर्यंत पोचायच्या आधीच ओढ बसली तर तिथेच दहा आकडे मोजेपर्यंत थांबा.

जपायचं ते कातडीला. तव्याचा चटका, सुईची टोच, गुलाबाचा काटा, नखाजवळची सालपटं. शेतात आणि भांडी घासताना हातमोजे घाला. लहानशी जखमही धुऊन तिला मलम लावा. हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर तो जंतुसंसर्ग असतो, आणि अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. रक्त आणि बीपी शक्यतो दुसऱ्या हाताने द्या, पण अपघाताच्या वेळी कुणी त्याच हाताला सलाइन लावलं तर भांडत बसू नका.

कोणतं दुखणं सांगायचं

प्रत्येक पाठदुखी म्हणजे आजार परतला, असं नसतं. नवीन आहे, दोन-तीन आठवडे झाले तरी जात नाही आणि वाढत चाललंय, अशा तीन्ही गोष्टी असतील तर तारखेची वाट न बघता जा. विशेषतः रात्री झोपेतून उठवणारं हाडातलं दुखणं, न थांबणारा खोकला किंवा दम, भूक आणि वजन उतरणं, कावीळ, पहाटेची डोकेदुखी उलटीसह. टाक्यांच्या जागी, काखेत किंवा गळ्याजवळ गाठ किंवा लाल पुरळ दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका. आणि पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, किंवा फिट आली, तर थेट इमर्जन्सीत.

राहिलेल्या गोष्टी

केमो पोर्ट (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) अजून छातीत असेल तर तो केव्हा काढायचा ते विचारा. राहणार असेल तर तो ठरावीक मुदतीने औषध घालून धुवावा लागतो. ट्रॅस्टुझुमॅब (हर टूवरचं औषध) घेतलं असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) किती वेळा, तेही ठरवून घ्या. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर बोटं बधिर असतील तर चिमट्याशिवाय भांडं उतरवू नका, चटका बसल्याचं कळत नाही. थकवा महिनोन्‌महिने टिकतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या, आणि दोन्ही ठीक असतील तर रोजचं अर्धा तास चालणं हाच त्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय. वजन वाढू देऊ नका. टोफू, सोयाबीन जेवणात चालतं, त्याच्या पावडरी-कॅप्सूल नकोत.

पूर्ण स्तन काढला असेल तर एका बाजूचं वजन गेल्याने खांदा झुकतो, मान दुखते. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन महाग असतो. कापसाचा किंवा लोकरीने विणलेलाही चालतो. शिंप्याला ब्रेसिअरला आतून खिसा लावायला सांगा, म्हणजे तो सरकत नाही.

योनीचा कोरडेपणा हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी बऱ्याच जणींना येतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल नको, त्याने रबर फाटतं. हार्मोनची क्रीम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, रात्री डोळा लागत नाही. हे वर्षानुवर्षं जगलेल्या बायकांनाही होतं. पण रडू थांबत नसेल, घरातलं काही करावंसं वाटत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तोही एक त्रास म्हणून ओपीडीत सांगा. आणि सगळ्यात मोठी शंका सगळ्यात आधी विचारा. उठून दाराशी पोचल्यावर "आणि हो, डॉक्टर, एक राहिलंच" असं म्हणेपर्यंत पुढची पेशंट आत आलेली असते.

मुली, बहिणी, भाऊ

निदान तरुणपणी झालं असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा घरात आणखी कुणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर बीआरसीए तपासणीबद्दल विचारा. ती आधी रुग्णाची करायची, मुलीची नाही. रुग्णात दोष सापडला तरच मुली-बहिणींची करण्यात अर्थ असतो. दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. म्हणून नात्यातल्या पुरुषांनाही सांगायला हवं. त्यांच्याकडून तो पुढच्या पिढीत जातो आणि त्यांना स्वतःलाही स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग होऊ शकतो. लग्न ठरायच्या मुलीची तपासणी लपवावी की करावी, यावर घरात वाद होतात. निर्णय त्या मुलीचा आहे, पण तो घेण्याआधी जेनेटिक कौन्सेलरशी तिची एकटीची भेट ठरवून द्या.